आवाज काढा, तार राहू द्या

छापखान्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी त्यांना सगळे फोरमनच म्हणत. तीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात उभं राहिल्यावर त्यांच्या कानांनीही हळूहळू राजीनामा दिला. आधी डाव्याने, मग उजव्याने. कानात मशीन घालून पाहिलं, तर नुसती खरखर वाढली. समोरचा माणूस तोंड नीट दिसू देत असेल, तर ओठांवरून त्यांना बहुतेक सगळं कळायचं. छपाईचे उलटे खिळे वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला सुलटे ओठ वाचणं काय अवघड, असं ते म्हणत.

गोची होती ती घरच्या फोनची. तो वाजायचा आणि वाजतच राहायचा. फोरमनना पत्ता नसे, पण खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना छतातून ऐकू यायचा. त्या शिलाई थांबवून, दुखरा गुडघा सांभाळत वर येत, फोन घेत आणि समोर उभं राहून निरोप सांगत. निरोप बहुधा कुणालातरी काहीतरी विकायचं असल्याचा. एकदा फोरमन बाहेर जायला निघाले, तर बाई निम्म्या जिन्यात गुडघा दाबत बसलेल्या. फोन काढून टाकायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

इंटरनेटला मात्र धक्का लागायला नको होता. दर रविवारी सकाळी दहाला दूरच्या शहरातली त्यांची मोठी बहीण टॅबच्या पडद्यावर दिसायची. मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नव्हता. फोनपेक्षा असं बोललेलं बरं, चेहरा तरी दिसतो, एवढंच त्यांनी ताईला सांगितलं होतं. ऐकू येत नाही, हे सांगितलं नव्हतं. ती एकटी, पंच्याहत्तरीची. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

टेलिफोन कंपनीच्या कचेरीतली मुलगी बोलताना संगणकाकडे बघत होती. इकडे बघून बोल, असं फोरमननी तिला दोनदा विनवलं, तेव्हा तिने मान इकडे वळवली. फोन आणि नेट एकाच तारेवर आहेत, ती म्हणाली. नुसता फोन बंद करायचा तर वेगळा अर्ज लागेल आणि तुम्हीच अर्ज केलाय ना, याची खात्री करायला एक फोन येईल. कुठे, असं फोरमननी विचारलं. तुमच्याच नंबरवर, ती म्हणाली. फोरमन तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही.

अर्ज दिल्यावर खात्रीचा फोन दोनदा आला, तेव्हा शिंपीणबाई नेमक्या बाहेर होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी घेतला. पलीकडच्याला ग्राहकच हवा होता. त्यांना ऐकू येत नाही, असं बाईंनी दोन-तीनदा सांगितलं. तो म्हणाला, नियम आहे, त्यांनी नुसतं हो म्हणायचं. बाईंनी रिसीव्हर पुढे केला. फोरमन रिसीव्हर धरून थोडं थांबले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "हो."

प्रश्न होता, सर्व सेवा बंद करायच्या का.

दुसऱ्या दिवशी फोन मुका झाला आणि मोडेमचा दिवाही विझला. रविवार आला आणि तसाच गेला. माझ्या साध्या मोबाइलवरून ताईंना कळवू का, असं शिंपीणबाईंनी विचारलं. फोरमन नको म्हणाले. बाईच का बोलतात, भाऊ का नाही, असं ती विचारणार आणि मग सगळंच उघडं पडणार. बाईंना ते पटलं नाही, हे त्यांच्या ओठांवरून वाचायची गरज नव्हती.

सोमवारी फोरमन पुन्हा कचेरीत गेले आणि साहेब भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणून बाकावर ठाण मांडून बसले. साहेब म्हणजे पिकल्या केसांच्या एक इंजिनिअर बाई निघाल्या. त्यांनी खुर्ची ओढून ती थेट फोरमनसमोर घेतली.

"आम्ही एकाच कागदावर आधी काळा छापायचो, मग लाल," फोरमन म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणालं लाल नको, तर लालची प्लेट उतरवायचो. कागद फाडून टाकत नव्हतो. तुम्ही आवाज काढा, तार राहू द्या."

"अगदी तसंच करता येतं," बाई सावकाश म्हणाल्या. "आमच्याच माणसाने विचारण्यात चूक केली." त्यांनी अर्जावर स्वतः शेरा मारला, सही घेतली आणि यापुढे खात्रीसाठी घरी माणूसच पाठवायचा, अशी नोंद केली.

बुधवारी लाइनमन आला. फोनची डबी काढून त्याने तार सरळ मोडेमला जोडली. हिरवा दिवा लागला. फोरमननी लगेच ताईला व्हिडिओ कॉल लावला.

ताईने आधी त्यांच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं. रविवारी तू दिसला नाहीस म्हणून जुन्या नंबरवर फोन केला, ती म्हणाली, तर हा नंबर अस्तित्वात नाही, असं ऐकू आलं. तीन दिवस घास उतरला नव्हता. कळवलं का नाहीस?

आता थाप मारण्यात अर्थ नव्हता. "ताई, मला ऐकू येत नाही. अजिबात. तुझे ओठ वाचतो मी."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "दोन वर्षं मी खिडकीकडे तोंड करून का बसते? उजेड चेहऱ्यावर यावा म्हणून. अंगणात बसायला मला जास्त आवडतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास. म्हटलं, लपवू दे."

फोरमननी चष्मा काढून पुसला; तेवढ्या वेळात ताई जे बोलली, ते त्यांना कळलं नाही. एरवी अशा वेळी ते मान डोलावून वेळ मारून नेत. या खेपेस चष्मा लावत ते म्हणाले, "परत सांग. चुकलं माझं."

ताईने परत सांगितलं. मग तिच्या शेजारणीच्या मांजरीची मोठी हकिगत निघाली, ती त्यांनी चार वेळा अडवून नीट समजून घेतली. बोलणं संपायला दीड तास लागला. खाली शिंपीणबाईंचं मशीन तेवढा वेळ एकसारखं चालू होतं.