शेवटचं प्रकरण

मंचरहून तळेघरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत इंग्रजीच्या एक बाई माझ्या शेजारी बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कादंबरी असते. शाळकरी पोरी गावाच्या पाण्यासाठी मोर्चा काढतात, अशी तिची गोष्ट. ती शिकताना वर्गातल्या मुलींनाही हुरूप आला. बंद झालेली संध्याकाळची बस पुन्हा सुरू करा, असं पत्र त्यांनी आगाराला इंग्रजीत लिहिलं. बाईंनी ते तीनदा तपासून दिलं.

आगाराचे साहेब शाळेत आले. पत्र मोठ्यानं वाचलं, इंग्रजीचं कौतुक केलं, मुलींना एकेक पेन दिलं, फोटो काढला. त्या पेनांचा मला अजून राग येतो. बस काही आली नाही.

पत्र लिहिणाऱ्यांपैकी एक पोरगी रोज दोन तास डोंगर चढून अंधारात घरी पोचायची. दिवाळीनंतर आईबापानं तिला शाळेतून काढलं.

परवा बाईंनी पुस्तक उघडलं आणि लगेच मिटलं. खूण शेवटच्या प्रकरणापाशीच होती.

"एवढंच राहिलंय का शिकवायचं?" मी विचारलं.

"ते न्हाई शिकवणार, भाऊ," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "त्यात पोरी जिंकतात."