अकराच्या गाडीचा डबा

बारावीत असताना मोबाईलवर मी परदेशी मुलांना एक खेळ खेळताना पाहिलं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दार उघडायचं की पळायचं हे त्यांनी ठरवायचं आणि ते जमलं की नाही हे फासा सांगतो. मला तो खेळ फार आवडला, पण बरोबर खेळायला कोणी नव्हतं. सोलापूरला कॉलेजात आल्यावर एकाला भीत भीत सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे भातुकली का?" त्यानंतर वर्षभर मी कुणाजवळ विषय काढला नाही.

दुसऱ्या वर्षी तिघे मिळाले. माझा रूममेट औषधाच्या दुकानात काम करायचा. वर्गातल्या एका मुलीला घरी अडीचच्या आत पोचावं लागे. तिसऱ्या मित्राच्या घरामागे टॉवेलचे माग होते, ते रविवारी बंद असायचे. सगळ्यांचं जुळून रविवारचे दहा ते दोन तेवढे उरले. बंद मागांच्या मधे टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आम्ही बसायचो. वीस बाजूंचा फासा नव्हता, म्हणून हाऊजीतले एक ते वीस आकडे एका स्टीलच्या पेल्यात टाकून काढायचो. गोष्ट मी चालवायचो, म्हणून मला 'मास्टर' म्हणायचे. माझ्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलंय. मला दुसरं कुणी कशातच मास्टर म्हटलेलं नव्हतं.

अडचण एकच होती. आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं आहे आणि आई तिथून रोज एसटीनं डबा पाठवते. अकराला गाडी स्टँडवर लागते. कंडक्टरकडून भरलेला डबा घ्यायचा आणि कालचा रिकामा त्यांच्याकडे द्यायचा. रविवारी खेळ ऐन रंगात आला की मला सायकल काढावी लागायची. मागावाला मित्र म्हणायचा, "थांबा रे, राजवाड्याला आग लागलीय, पण मास्टरची भाजी गार होतीय." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला लाज वाटायची. डब्याची.

आईला मी खेळाचं सांगितलं नव्हतं. रविवारी आम्ही चौघं अभ्यासाला बसतो, एवढंच तिला माहीत होतं.

त्या रविवारी गोष्ट शेवटाला आली होती. पावणेअकराला मी उठलो, तर ती मुलगी म्हणाली, "आज नको ना जाऊ. पुढचे दोन रविवार मला जमणार नाही." मी बसलो. कंडक्टर डबा चौकशीच्या खिडकीत ठेवतील, नंतर आणू, असं मनाशी म्हटलं. तसं त्यांना सांगितलं मात्र नव्हतं. खेळ फार छान झाला. दोनला स्टँडवर गेलो तर खिडकीत डबा नव्हता आणि गाडी परत गेली होती. मी वडापाव खाल्ला.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"जेवलास का रं?"

"हो."

"काय काय खाल्लं?"

रविवारी बहुतेक उसळ असायची. मी म्हणालो, "उसळ चांगली झाली होती."

ती म्हणाली, "आज उसळ न्हवती. शेंगापोळ्या केल्या हुत्या. तुमी चौघं बसताय म्हणून चौघांच्या. डबा आलाय की परत. माझ्या म्होरंच हाय."

तीच पुढं म्हणाली,

"कंडक्टर म्हणाले, पोरगं आलंच न्हाय. मला वाटलं तापबीप आला. म्हणून इचारलं."

म्हणजे डबा समोर ठेवून, मी आजारी नाही ना हे बघायला तिनं फोन केला होता. आणि मी तिला उसळीची चव सांगत होतो.

मग मी सांगितलं. "आई, अभ्यास नव्हता. खेळत होतो."

"पत्ते?"

"नाही."

"पैसं लावून?"

"नाही गं. गोष्टीचा खेळ असतो. चौघं मिळून गोष्ट करायची."

"बरं. मग डब्याला का न्हाय आलास?"

पत्त्यांचं उत्तर मला देता आलं होतं. याचं देता आलं नाही. अजूनही नाही. खरं कारण एवढंच होतं की गोष्ट रंगली होती. पहाटे उठून चौघांसाठी शेंगा भाजून कुटणाऱ्या बाईला ते कसं सांगायचं?

आम्ही अजून खेळतो. आता साडेदहाला मीच पेला पालथा घालतो आणि निघतो. कुणी चिडवलं तरी थांबत नाही. गाडी लागण्याआधीच मी स्टँडवर असतो आणि डबा घेऊन परत खेळायला येतो. पहिल्यांदा तसा गेलो तेव्हा कंडक्टर म्हणाले, "आज उजाडलं वाटतं लवकर."

आम्ही अभ्यास करत नाही हे आता आईला माहीत आहे. तरी रविवारचा डबा चौघांचा येतो. मागच्या वेळी मागावाल्यानं दोन पोळ्या संपवल्या आणि म्हणाला, "काकूंना सांग, लई भारी झाल्यात."

मी सांगतो म्हणालो. संध्याकाळी फोन आला, तेव्हा आधी डब्यात काय काय होतं ते एकेक करून सांगितलं. ती फक्त "व्हय, व्हय" म्हणत राहिली. मित्राचा निरोप द्यायचा राहूनच गेला.