बबनच्या पायावरची आई

आमच्या घरी पाहुणा आला, की चहा उकळायच्या आत बबनच्या पायाचा विषय निघतो. एकाने एक किस्सा सांगितला, की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि सगळ्यांत हीरो बबनच! मी त्याची मोठी बहीण. हेवा वाटायचा का म्हणता? अहो, अजूनही वाटतो!

*

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागच्या आमच्या चाळीत पोस्टरं चिकटवायला टोपभर खळ शिजायची. एका संध्याकाळी तो उकळता टोप बबनच्या पायावर कलंडला. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सोलवटून निघाला. चाळ कमिटीचे सदाकाका गहिवरून म्हणाले, "पोरगं मुंबईसाठी भाजलं!"

पोरगं पतंगासाठी खळ चोरायला गेलं होतं, हे फक्त मला माहीत. पण माझं ऐकतो कोण!

*

डॉक्टर म्हणाले, जखम झाकायला दुसऱ्याची कातडी लावू. काही दिवसांनी ती गळून पडेल, पण तोवर पोराला जपेल. आईने लगेच आपली डावी मांडी पुढे केली.

मग काय, बबनला चेव चढला. मी हॉस्पिटलात गेले आणि जरा डोळे वटारले, की तो पाय दाखवायचा. "मार ना! आईलाच लागेल!" आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली आई खरंच कळवळायची, "अगो आये गे!" दोघं खदखदून हसायची. मला रडू यायचं.

*

शेजारणी डबे आणायच्या. शिरा, अंडी, दूध. सगळं बबनला आणि आईला. मला रिकामे डबे घासायला! वर म्हणायच्या, "सुशी किती समजूतदार!" समजूतदार म्हटलं, की आज शिरा नाही हे मी समजून जायचे.

*

शेवटी आईची कातडी गळली. मी चाळभर ओरडत सुटले, "आई गळून पडली!" बायका पाण्याचे तांबे घेऊन धावल्या. खरं कळल्यावर सदाकाकांनी माझा कान पिरगळला. तरी मी दिवसभर खुशीत! आता तो आणि मी सारखे.

खुशी टिकली नाही. जखम अजून उघडी होती, पुन्हा कातडी हवी होती. या खेपेला मिलमध्ये खाडा करून बाबांनी दिली. आईची दुसरी मांडी धडधाकट असताना बाबांची का, असं सगळ्यांनी विचारलं. आईने विषयच बदलला. मला एवढंच कळलं, की आधी आई गेली, आता बाबाही गेले. माझ्या वाट्याला कोण?

*

पुढे मुंबई मिळाली. चाळीने सत्कार ठेवला. बबनला हार, आईला नारळ, बाबांना टोपी. मी चपला राखायला! घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून बसले, पानावर गेलेच नाही.

बाबा म्हणाले, "रडतंस कित्याक गो?"

"तुम्ही दोघांनी सगळं त्यालाच दिलंत!"

बाबा उखडले. "सगळा? माझी मांडी कित्याक सोलली, ठाऊक आसा तुका? डॉक्टरांनी हिचीच दुसरी मांडी मागितल्यानी. तर ही म्हणता, 'तिका हात लावू नकात!'"

आई भात वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे? ती सुशीची आसा."