सावली चालत नाही त्याला

"दादा शांतपणे गेले," असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. शांतपणे? माझ्या भावाने, अशोकदादाने, आयुष्यात एक जेवण शांतपणे केलं नाही. अंबडच्या छोट्या कारखान्यात तो व्हेपोरायझर बनवायचा... म्हणजे ॲल्युमिनियमच्या पंखवाल्या नळ्यांची उंच चौकट. हॉस्पिटलच्या टाकीतला अतिथंड, पातळ ऑक्सिजन तिच्यातून जाताना बाहेरच्या हवेच्या उबेने वायू होतो. नळ्यांवर बर्फ धरतो. फार धरला की वॉर्डातला ऑक्सिजन कमी पडायला लागतो. एवढं मला कळतं, कारण त्याच्याकडे दुसरा विषयच नव्हता.

एका भाऊबिजेला सायखेड्याला, माझ्या घरी, तो पाटावर बसला, मी निरांजन लावलं आणि फोन वाजला. निफाडकडच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा दाब उतरत होता. पठ्ठ्या उठला! मीही हट्टाने ताट घेऊन गाडीत बसले. जाऊन बघतो तर तिथल्या द्राक्षबागायतदार ट्रस्टींनी व्हेपोरायझरला चहूबाजूंनी शेडनेट गुंडाळलेलं. आत बर्फाचा ढीग.

"उन्हात लय तापत व्हतं ओ, म्हनून झाकलं," ट्रस्टी म्हणाले.

"बागेला करा सावली! याला ऊन-वाराच लागतो," दादा ओरडला आणि शिडीवर चढून त्याने जाळी टराटरा फाडली. पाणी मारून बर्फ उतरवला. दाब सावरल्यावर मी काडेपेटी काढली, तर माझ्यावरच खेकसला, "अगं सुमे, ऑक्सिजनच्या टाकीपाशी ज्योत लावतेस?" झालं. नुसत्या कुंकवावर भाऊबीज उरकली. एकदा तरी माझ्यासमोर नीट बस, एवढंच तर मागत होते मी.

शेवटच्या आजारात त्याला त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. तोंडाला मास्क. म्हटलं, आता कुठे उठून जाशील? हात धरून बसले. तर मास्क सरकवून म्हणतो, "सुमे, खाली जाऊन बघ. बर्फ किती धरलाय?"

"तिथला माणूस बघेल ना, दादा. मी बसते."

"त्याला कळत नाही. तू जा."

चरफडत गेले. जाळी नव्हती, चौकटीवर लख्ख ऊन होतं, बर्फ बेताचा. हे सांगायला जिना चढून आले, तर पलंगाभोवती पडदा ओढलेला...

त्या हॉस्पिटलावरून जाताना अजून माझी मान आपोआप वळते. चौकटीवर ऊन पडलंय का, बघते. आणि राग येतो तो येतोच. मला खाली धाडलं नसतंस, तर तुझा हात माझ्या हातात असता रे, दादा.