भाजणी सोडून मागवलेली मालिका

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

सासूबाई काल पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत डार्मश्टाटला आल्या. बॅगेचं वजन जास्त होत होतं, तेव्हा मीच फोनवर म्हटलं होतं, "आई, भाजणी राहू द्या, पण त्या मालिकेच्या सीडी आणा." माझ्या लाडक्या कादंबरीवरची मालिका ना! आज सासूबाई, मी आणि लेक, तिघींनी तिचा शेवटचा भाग पाहिला.

कादंबरीत नायिका भर पंगतीतून उठते आणि घर सोडते. मालिकेत ती उंबऱ्यावरून माघारी फिरून सासऱ्यांचे पाय धरते, तेही भरजरी शालूत!

"बरं झालं बाई, घर मोडलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

ही गोष्ट मी लेकीला लहानपणापासून सांगत आलेय. तिनं जर्मनमध्ये विचारलं, "ती गेलीच नाही? मग तू खोटं सांगायचीस?"

मी पुस्तकाचं शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. तिला मराठी वाचता येत नाही.

सांगा, आता कोणाचं खरं मानेल ती?