काकींच्या अंगणात उघडणारी खिडकी

आमच्या घराण्यात दिलेला शब्द आजवर कुणी मोडलेला नाही. आता शब्द एकदाच दिला गेला, आणि तो एकमेकांच्या घरी न जाण्याचा होता, ही गोष्ट वेगळी.

गूढ अनुभवांच्या या सदरात 'मी असलं काही मानत नाही' अशी सुरुवात बरेच जण करतात आणि पुढे पानभर मानतात. मी शाळामास्तर होतो. हयातभर पोरांना 'कारणाशिवाय कार्य नाही' हे घोकायला लावलं. हौसेनं एकदा अमावस्येला बदनाम विहिरीवरही जाऊन आलो – तिथे बेडूक होते. त्यामुळे पुढचं लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे, पण लिहितो.

गोष्ट सेलूची, निजामाच्या राज्यातली. दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं. कापसाच्या जिनिंगच्या मागे आमचं घर होतं. मूळचं एकच, पण माझे वडील – त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू – आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, यांचं बिनसलं आणि मधे भिंत आली. कारण असं की एका व्यापाऱ्याकडे मेजवानी होती, आणि तहसीलदारसाहेबांच्या उजव्या हाताला कोण बसणार यावरून दोघे भाऊ अडून बसले. शेवटी तिथे साहेबांचा कारकून, पेशकार बसला. घरी येऊन दोघांनी जंगम स्वामींसमोर विभूती हातात घेऊन शपथ घेतली: या घरचं माणूस किंवा वस्तू त्या घरच्या उंबऱ्यावरून आत जाणार नाही, त्या घरचं या घरी येणार नाही.

वाटणीत अंगण काकांकडे गेलं; तिथे जायची वाट त्यांच्या घरातूनच. आमच्या माजघराची खिडकी मात्र त्याच अंगणात उघडत होती, आणि एके काळी अंगण आपलंच असल्यामुळे तिला गज नव्हते. शपथेत खिडकीचा उल्लेख नव्हता. हे बायकांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. विस्तव, ताक, विरजण, पिठाची परात... सगळं खिडकीतून जाऊ-येऊ लागलं. स्वामींना विचारलं तर म्हणाले, "खिडकीला उंबरा नस्तो." आप्पा आणि काका दोघांनाही ते ऐकू आलं नाही.

काकींना मूल नव्हतं. आमचा पहिला मुलगा हिवतापानं गेला तेव्हा त्या खिडकीशी बसून रडल्या, पण त्याच्या अंगावर हात फिरवायला त्यांना येता आलं नाही. पुढे आम्हाला मुलगी झाली. रोज सकाळी माझी बायको गिरिजा तिला खिडकीतून काकींच्या हातात द्यायची. काकी अंगणात तिला तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, आणि पोर झोपली की परत खिडकीतून द्यायच्या. काकींचा दिवस तेवढाच होता. बाकीचा वेळ त्या स्वयंपाक करायच्या.

मुलीला ताप आला तेव्हा परभणीचे डॉक्टर म्हणाले, "हिला जगवायची असेल तर घराच्या प्रत्येक खिडकीला तारेची जाळी बसवा." म्हणून गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, शोधणं आलं.

यासीनसाहेब गुत्तेदार तुर्की टोपी घालून आले. अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे कलेक्टरच्या, बंगल्याचं काम त्यांनी केलं होतं, असं ते म्हणत. कोंबड्यांच्या खुराड्याचं केलं होतं, असं गाव म्हणे. त्यांनी भिंतींकडे असं पाहिलं की भिंतींना आपल्या पोपड्यांची लाज वाटावी. काम घेतलं, आणि मग सगळे गुत्तेदार जातात तिकडे गेले. लढाईमुळे जाळी मिळत नव्हती हे खरं, पण तुर्की टोपी बाजारात रोज दिसत होती. अखेर हैदराबादहून जाळीची गुंडाळी आली.

माजघराच्या खिडकीपाशी मी म्हटलं, "यासीनसाब, हिला उघडणारी चौकट करा. इथून... देवाणघेवाण असते."

"मास्तरसाब," ते म्हणाले, "उघडती जाली कायकू? मच्छर क्या दरवाजा खटखटाके आता?"

खिडकीपलीकडे काकी उभ्या होत्या. त्याच बोलल्या, "बसवा वो पक्की. पोरगी जगली तर जाळीतनं बगता तरी यील."

जाळी बसली. चारी बाजूंनी लाकडी पट्टी, वर जवळजवळ ठोकलेले खिळे आणि हिरवा रंग. काकी रोज सकाळी यायच्या, जाळीला बोट लावून उभ्या राहायच्या. मुलगी आतून ते बोट पकडायला बघायची आणि तिच्या हाताला तार लागायची.

मग तो शुक्रवार आला. तेव्हा शाळेला शुक्रवारी सुट्टी असे. उन्हाळ्याची दुपार. आप्पा पुढच्या दारात खाट टाकून पडले होते – येणाऱ्याला त्यांच्या अंगावरूनच जावं लागलं असतं. मागच्या दारात मी पुस्तक घेऊन बसलो होतो, आणि समोर आडावर गिरिजा धुणं धूत होती. मुलगी माजघरात पाळण्यात. घरात दुसरं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडून काकींचं गाणं ऐकू येत होतं. नंतर मुलीचं हसणंही ऐकू आलं, आणि ते भिंतीपलीकडूनच येतं आहे हे माझ्या आधी गिरिजाच्या ध्यानात आलं.

आम्ही आत धावलो. पाळणा रिकामा. जाळीतून पाहिलं तर अंगणात काकी पाय पसरून बसलेल्या, पायांवर मुलगी, आणि काकी तिला तेल लावतायत.

"काकी... हिला कुणी आणलं?" गिरिजानं विचारलं.

"कुणी म्हंजे? तूच दिलीस की आत्ता."

"मी आडावर होते."

"काय बोलायलीस गिरजे? खिडकीतनं हात आले, पोरगी आली. मी घेतली."

"माझं तोंड बगितलंत का?"

"तोंड कशाला बगू? लेकराचं डोकं सांभाळाय लागतंय न्हवं."

"काकी, जाळी हाय."

काकींनी मान वर केली. बराच वेळ जाळीकडे पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. "हाय की."

आप्पा आले. काकाही पलीकडे अंगणात आले – ते त्यांच्या पुढच्या दारात एका आडत्याशी बोलत बसले होते. दोघे भाऊ कित्येक वर्षांनी समोरासमोर आले, मधे जाळी.

"त्यांना विचार," आप्पा मला म्हणाले, "त्यांच्या दारातनं कोण आत गेलं."

"त्यांना सांग," काका म्हणाले, "आडत्या साक्षीला हाय. माझ्या उंबऱ्यावरनं मुंगी गेली न्हाई."

"माझ्याबी न्हाई गेली म्हणावं."

मुलगी भुकेनं रडायला लागली. मी म्हटलं, जाऊन घेऊन येतो. आप्पांनी मला अडवलं.

"पोरगी उंबऱ्यावरनं गेली न्हाई. मग उंबऱ्यावरनं आणायची कशी? आणली की गेली होती असं हुईल."

काकांनी पलीकडून मान डोलावली. फाटल्यापासून दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. घरचं पोर भिंतीतून आरपार गेलं हे दोघांना चालत होतं. कुणी उंबरा ओलांडला हे चालत नव्हतं.

यासीनसाहेबांना बोलावणं गेलं. ते जिनिंगच्या छपरावर काम करत होते, म्हणून त्या दिवशी लगेच आले. जाळीत खोट निघाली असं त्यांना वाटलं होतं आणि ते रागात होते. त्यांनी प्रत्येक खिळ्यावर बोट फिरवलं. रंगाला कुठे चीर नव्हती.

"किसने बोला निकली?" ते म्हणाले. "मेरी जाली है. हवा भी पूछके जाती."

"मग पोरगी कशी गेली?" मी विचारलं.

त्यांनी अंगणातल्या मुलीकडे पाहिलं, टोपी काढली, आणि अंबूर घेऊन खिळे उपटायला लागले.

जाळी निघाली. काकी मुलीला घेऊन खिडकीशी आल्या. गिरिजा म्हणाली, "घ्या की अजून थोडा येळ."

"न्हाई. भुकेजलीय. घे."

मुलगी इकडे आली. यासीनसाहेब जाळी हातात धरून उभे होते. "बिठाऊं?" त्यांनी विचारलं. काकीच म्हणाल्या, "बसवा. दिस बुडला की डास येत्यात."

जाळी पुन्हा बसली. असा प्रकार परत कधी झाला नाही. मी मात्र सुट्टीच्या दिवशी माजघराकडे पाठ करून बसायचो, मुद्दाम. काही झालंच तर आपल्या नजरेनं आड येऊ नये.

दिवाळीच्या अलीकडे काकी गेल्या. हिवतापानं. आमच्या खिडक्यांना जाळ्या होत्या, त्यांच्या नव्हत्या. आणि जाळी घ्या असं काकांना सांगायला त्यांच्या घरी जाणार कोण? आमच्या लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून नेलं तेव्हा आप्पा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मुलगी गिरिजाच्या कडेवर होती. तिला जवळ नेता आलं नाही.

उलगडा मी पुष्कळ शोधला. आप्पांना डुलकी लागली असेल, मी पुस्तकात बुडालो असेन, आणि गिरिजा पोरीला घेऊन सगळ्यांच्या नाकासमोरून गेली असेल – मला हेच खरं असायला हवं आहे. निदान एक माणूस तरी तो उंबरा ओलांडून गेलं असं झालं असतं. तिला मी म्हातारपणापर्यंत विचारत राहिलो. ती म्हणायची, "गेले असते तर सांगितलं असतं. आता कुणाची भीती हाय?" आणि मग म्हणायची, "जायाला पायजे होतं." तीही आता नाही. आप्पा, काका, यासीनसाहेब, कुणीच नाही.

म्हणजे त्या दुपारी प्रत्यक्ष त्या खिडकीतून गेलेली एकच व्यक्ती आज हयात आहे. गेल्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हा मी तिला समोर बसवलं, सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, खरं काय झालं होतं?

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "अण्णा, मी चार महिन्यांची होते."