मावशीचा अर्धा सूर्य

माझी मावशी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. सतरा वर्षं झाली. त्यामुळे तिचं घरातलं बोलणंही खिडकीतलंच झालंय. जेवायला वाढताना म्हणते, "हे आत्ता, हे थोडं थांबून, आणि उरलं तर टाकू नका, परत आणून द्या." आजोबा ताटावरून मान वर करून विचारतात, "जेवणाआधी का जेवणानंतर?"

वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात ग्राफिक डिझाइनला नाव घातलं. का, असं कुणी विचारलं की सांगायची, "लोक पाकीट उलटंपालटं करून बघतात आणि शेवटी मलाच विचारतात. म्हणजे पाकिटाला बोलता येत नाही. त्याला शिकवायचंय." सकाळी खिडकी, दुपारनंतर वर्ग. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं उठून उभी राहिली. तीही बिनधास्त "बसा, बसा" म्हणाली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

तिथल्या बाईंना मुलांनी ठेवलेलं नाव श्वासमॅडम. कुठलंही काम पुढे केलं की त्या मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि वाक्य नाकातून सोडतात, "ह्याला जरा... श्वास घेऊ दे." म्हणजे कागदावर मोकळी जागा ठेव. मावशीला ते जमता जमेना. औषधांच्या कपाटात बोटभर जागा दिसली तरी तिथे एक खोकं सरकवायचं, ही तिची सवय. तिसरं वर्ष तिला दोनदा करावं लागलं. मग दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, अर्ध्या दिवसाची सवलत आता फक्त याच वर्षापुरती. शेवटच्या वर्षी गाडी अडली की शिक्षण तिथेच संपलं.

शेवटच्या कामासाठी तिने अर्थात औषधाची पाकिटं घेतली. ज्यांना वाचता येत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना गोळी कधी घ्यायची ते चित्रावरून कळावं. सकाळसाठी रेषेवर अर्धा सूर्य, दुपारसाठी पूर्ण, संध्याकाळसाठी पुन्हा अर्धा, जरा लालसर, आणि रात्रीसाठी चंद्रकोर. श्वासमॅडम इतक्या खूश झाल्या की मान सरळ ठेवून म्हणाल्या, "सगळी एका आईची लेकरं वाटतात." चार मोठे तक्ते छापून आले. गुरुवारी ज्युरी होती, म्हणजे बाहेरून तीन परीक्षक येऊन काम बघणार आणि पास-नापास ठरवणार.

रविवारी सकाळी मावशीने चार पाकिटांत पेपरमिंट भरून आजोबांना दिली. "बाबा, चित्र बघून आपापल्या वेळी खायची."

आजोबांनी चष्मा पुसला, चारही पाकिटं ओळीत मांडली आणि संध्याकाळचं फोडलं.

"अहो, ते संध्याकाळचं."

"सूर्य उगवतोय ना?"

"मावळतोय."

"कशावरून?"

"रंग बघा की. लाल आहे."

"उगवतानाही लालच असतो. एकोणऐंशी वर्षं बघतोय मी त्याला. तू कधी लवकर उठलीस तर तुलाही दिसेल."

आई हसू दाबत आत गेली. मावशी म्हणाली, "बाबांचं काय, त्यांना खोडी काढायची असते." पण दुपारी बघितलं तर ती दोन्ही अर्धे सूर्य समोर धरून खिडकीपाशी उभी होती. एकदा एक लांब धरत होती, एकदा दुसरा.

सोमवारी तिने दवाखान्यात औषध घ्यायला आलेल्या वीस जणांना विचारलं. नऊ जण चुकले. चुकलेल्या नवव्या आजी वर म्हणाल्या, "सूर्याचं मला काय सांगतेस पोरी. माझ्या खोलीतून समोरची भिंत दिसते."

"मग गोळी कशी लक्षात ठेवता?"

"ही दात घासल्यावरची, ही ताटावरची, ही उशीवरची. संध्याकाळची तेवढी विसरते."

मंगळवारी मावशीने हे सगळं श्वासमॅडमना सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली. मग म्हणाल्या, "हळूहळू लोक शिकतात चित्र वाचायला. तुझं काम सुंदर झालंय. परीक्षक विचारणार नाहीत, तू सांगू नकोस. उगाच हाताने पायावर धोंडा कशाला?"

घरी आईचंही तेच. "एक गुरुवार गप्प बस. पास हो. मग काय सुधारायचं ते सुधार."

"ताई, नऊ चुकले."

"अकरा बरोबर आले ना?"

"पेपरमिंट होतं म्हणून नुसतं हसलो आपण. मधुमेहाची गोळी दोनदा गेली असती तर?"

मावशी बुधवारभर पेन्सिलीने दातांचा ब्रश काढत बसली. आजोबा मागून डोकावून म्हणाले, "कंगवा छान आलाय." तिने निमूटपणे खोडरबर घेतला.

गुरुवारी तिने भिंतीवर चारही सूर्यचंद्र लावले. त्यांच्याखाली एक साधा कागद: विचारले वीस, चुकले नऊ. त्याच्या बाजूला पेन्सिलीतली नवी चित्रं, ब्रश, ताट, किल्ली, उशी. किल्ली म्हणजे संध्याकाळी घरी परतणं.

एका परीक्षकांनी घसा साफ करून विचारलं, "बाई, यातलं पूर्ण काम कुठलं समजायचं?"

"वरचं पूर्ण आहे सर, पण चुकीचं आहे. खालचं बरोबर वाटतंय, पण पूर्ण नाही."

तिघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. निकाल राखून ठेवला. सहा आठवड्यांत खालचं काम पूर्ण करून आणायचं, तेही लोकांना विचारून, नाहीतर नापास. श्वासमॅडम तिच्याशी एक शब्द न बोलता निघून गेल्या. त्या दिवशी मावशी जेवली नाही, आणि आजोबांनी "आधी का नंतर" विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सवलत वाढवून मागायला डॉक्टरांपुढे उभी राहिली. त्यांनी तो नऊवाला कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सहा आठवडे. सातवा मागू नका."

पुढे रोज खिडकीवर गोळ्यांबरोबर चित्रंही पुढे सरकायची. किल्लीने दगा दिला. निम्म्या लोकांना ती घर सोडतानाची वाटली. मग चपलांचं चित्र काढलं, त्याचंही तेच झालं. शेवटी दिव्याच्या बटणावर ठेवलेलं बोट चाललं. एकही चूक नाही असा दिवस उजाडलाच नाही. विसांत एक चुकायचा, कधी दोन. मावशीने ते तसंच लिहून दिलं.

ती पास झाली. गुण बेताचेच. नवी पाकिटं आता दवाखान्यात वापरतात. दिसायला खास नाहीत, हे ती स्वतःच सांगते.

प्रमाणपत्र आणायला आम्ही गेलो तर विभागाच्या दारातच ते चार सुंदर तक्ते काचेत लावलेले. सूर्य, सूर्य, सूर्य, चंद्रकोर. खाली मावशीचं नाव. तिने काढून टाकायची विनंती केली. कारकून म्हणाला, "अहो, पाहुणे येतात, सगळ्यांना हेच आवडतं."

एक नवी विद्यार्थिनी तक्त्यांसमोर उभी होती. मावशी तिच्या शेजारी जाऊन थांबली.

"सकाळचा कुठला वाटतो तुला?"

मुलीने बराच वेळ बघितलं. "हा... नाही, थांबा. हा असेल."

"वर्गात जाशील तेव्हा आणखी चार जणींना विचार," मावशी म्हणाली, "आणि किती चुकल्या ते मला सांग. मी कारकुनाकडे आहे."